हिला लेकरांत कवा बसवणार?

माझ्या सासूबाईंना सही करता येत नाही, आणि माझी डिग्री निवडली ती त्यांनीच. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग मला सुधारतो, "म्हणजे त्यांनी परवानगी दिली, असं म्हणायचंय तुम्हाला." नाही हो. परवानगी द्यायला मी मागितलीच कुठं होती? त्यांनी निवडली. तीन ठिकाणच्या खिडक्यांपुढं उभं राहून, माणसांना प्रश्न विचारून, पारखून निवडली. मी बारावी पास, मोबाईलवर इंग्रजी वाचणारी, आणि मी त्यांच्या मागं कागदांची पिशवी धरून उभी होते. आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात. तर आत्या पुढं आणि मी मागं, असं ते सगळं पार पडलं.

आमचं गाव खर्ड्याच्या अलीकडं. जमीन आहे, पाणी नाही, त्यामुळं दिवाळीच्या आगंमागं निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि कारखाना बंद झाला की परततं. तोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पुरुष पुढं ऊस तोडत जातो, बाई मागून तो गोळा करते, आपल्या कोयत्यानं शेंड्याचं हिरवं वाढं छाटते, त्याचाच पीळ देऊन मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपाशी नेते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुठलाही मुकादम खुशीनं टोळीत घेत नाही. सासरे गेल्यावर आत्या लेकाबरोबर जोडी लावून जायच्या. मी लग्न होऊन आले, त्या वर्षी त्यांनी आपला कोयता आढ्याला खोचला आणि म्हणाल्या, "सून आली, माजं झालं." त्यांचे गुडघे तेव्हाच सुजायला लागले होते. त्यांच्या जागी मी उभी राहिले. यात कुणी कुणावर अन्याय केला असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. आमच्यात हे असंच चालतं.

माझा दुसरा सीझन काष्टीच्या बाजूला होता. एका दुपारी लक्ष कुठं होतं कुणास ठाऊक, कोयता उसाऐवजी माझ्या डाव्या हाताच्या बोटावर बसला. चार टाके पडले. हातानं काही करता येईना, म्हणून मी आमच्या पाचटाच्या झोपडीच्या, कोपीच्या, दाराशी बसून राहिले. आमच्या अड्ड्यावरच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या तळावरच्या, पोरांची नावं जवळच्या शाळेत घातलेली होती. पोरं शाळेच्या कुंपणापर्यंत शहाण्यासारखी जायची आणि तिथून उसात पसार व्हायची. तिथल्या बाई एक दिवस त्यांना शोधत अड्ड्यावर आल्या. मी रिकामी दिसले. म्हणाल्या, "ताई, यांना रोज आणून सोडा, आणि जमलं तर थोडा वेळ बसा."

मी बसले. पहिल्याच दिवशी बाईंनी एका पोराला विचारलं, "सांग बरं, तुझ्या घरी कोण कोण असतं?" पोरगं खाली मान घालून गप्प. त्या पोराचं घर गावाकडं होतं आणि घरी कुणीच नव्हतं, सगळे तर इथं होते, तो बिचारा काय सांगणार? मी त्याच्या मागं सरकले आणि हळूच म्हणाले, "तुज्या कोपीत कोन कोन हाय रं?" मग काय, आई, बाप, तान्ही बहीण, दोन बैलं, एक कुत्री, आणि कुत्रीला चार पिल्लं. त्याला थांबवावं लागलं. बाई माझ्याकडं बघतच राहिल्या.

टाके निघेपर्यंत मी रोज गेले. शेवटच्या दिवशी बाई म्हणाल्या, "लहान मुलांच्या वर्गात शिक्षिकेबरोबर मदतनीस घेतात आता काही शाळा. तुझ्यासारखं माणूस पाहिजे तिथं. पण डिग्री मागतात." मी विचारलं, "कुठली?" बाई म्हणाल्या, "बघ कुठली जमते ती," आणि घंटा झाली म्हणून आत गेल्या. मी मनात म्हटलं, बघ म्हणणं लई सोपं आहे बाई.

कारखाना बंद झाला, आम्ही गावी परतलो, आणि मी एकदा भाकरी थापता थापता आत्यांपुढं विषय काढला. वाटलं होतं, ओरडतील, निदान नाक तरी मुरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "काम काय असतंय ते?"

"लहान लेकरांत बसायचं. बाई शिकवत्यात, आपन मागं ऱ्हाऊन ज्याला जमंना त्याला हाताखाली घ्यायचं."

"मंग ज्या कालेजात लेकरांत बसवत्यात, तिथं जायाचं. त्यात काय अवघड हाय?"

मला हसू आलं. "आत्या, कॉलेजात पुस्तकं असत्यात. लेकरं न्हाई."

"मला कुनी पुस्तकातनं मोळी बांधाया शिकवली व्हय?" त्या म्हणाल्या. "माझ्या सासूनं चार दिस शेजारी बसवलं, तवा पीळ आला हाताला."

एव्हाना गावाला बातमी लागली होती आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला होता. चुलत दीर म्हणाला, सायन्स घे, सायन्सला मान आहे. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी सांगितलं, कुठलीही डिग्री चालते, शिक्का असला की झालं. माझ्या माहेरच्यांनी तर फोनवर विचारलं, "डोकं फिरलंय का तुझ्या नवऱ्याचं?" नवरा बिचारा उंबऱ्यात बसून दोघींकडं बघायचा आणि म्हणायचा, "मला काय इचारता? तुमी दोघी ठरवा." या सगळ्यांचं आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सोमवारी डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "चल, जामखेडला."

पहिली खिडकी जामखेडच्या कॉलेजातली. कारकुनानं आमच्यापुढं विषयांची यादी धरली. मराठी, इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र. मी यादी वाचतेय तोवर आत्या खिडकीत वाकल्या.

"सायेब, हिला लेकरांत कवा बसवणार?"

"कुठल्या लेकरांत?"

"शाळंतल्या. बारक्या."

"मावशी, हे बी.ए. आहे. यात लेकरांचा काही संबंध नाही."

"मंग आमाला ह्येचा काय उपेग?" आत्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. मागच्या रांगेतली पोरं खी खी करायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज ती रांग आठवली की वाटतं, हसणाऱ्यांपैकी एकालाही आपण तिथं कशासाठी उभे आहोत हे सांगता आलं नसतं. मलाही नसतं आलं.

दुसरं ठिकाण म्हणजे घरबसल्या डिग्री देणारं केंद्र. तिथले गृहस्थ मोठे गोड बोलणारे होते. पुस्तकं घरपोच येतील, म्हणाले, ऊसतोडीला गेलात तरी बिघडत नाही, परीक्षेपुरतं या. हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. कोयता मोडणार नव्हता! कोपीत बसून अभ्यास करीन, दोन्ही हातांनी दोन्ही कामं करीन, माझं मनात सगळं ठरूनसुद्धा गेलं. तेवढ्यात आत्यांनी आपला प्रश्न काढला.

"तसं बसवत नाहीत आमच्याकडं," ते म्हणाले. "आधी डिग्री, मग पुढं बी.एड., मग शाळा."

"म्हंजी तीन वर्सं हिच्या नदरं एकबी लेकरू पडायचं न्हाई?"

गृहस्थ म्हणाले, "नाही, आजी."

बाहेर पडल्यावर मी म्हणाले, "आत्या, हे बरंय की आपल्याला." त्या म्हणाल्या, "मानूस खरं बोलला. चांगला हाय. पर हे न्हाई."

तिसऱ्या जागेचा पत्ता आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी दिला. नगरला मुलींच्या एका कॉलेजात बालविकास विषय घेऊन डिग्री होते, तीन वर्षांची. पाटीवर आता अहिल्यानगर असलं, तरी एसटीत बसताना आम्ही नगरच म्हणतो. तर आम्ही नगरला गेलो. आत्यांचे गुडघे एसटीत आखडले होते, त्या कॉलेजच्या पायऱ्या एकेक करून, कठडा धरून चढल्या. खिडकीत कारकून जेवायला गेला होता म्हणून एक मॅडम बसल्या होत्या. आत्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "पहिल्या वर्षापासून. आठवड्यातले दोन दिवस."

मला वाटलं, झालं, मिळालं उत्तर. पण आत्या हलल्या नाहीत.

"दावा."

"काय दाखवू?"

"कुठं बसवता ते दावा."

मॅडम हसल्या. मग त्यांनी आत्यांकडं नीट बघितलं, हसू आवरलं आणि उठल्या. कॉलेजच्या मागच्या अंगाला त्यांची स्वतःचीच बालवाडी होती. आत वीसेक लेकरं, पुढं एक बाई गाणं म्हणत हातवारे करत होत्या. मागं एका रडक्या पोरीच्या पाठीशी एक कॉलेजची मुलगी मांडी घालून बसली होती. ती पोरीशी काही बोलत नव्हती, नुसती तिचे हात धरून गाण्याबरोबर हलवत होती. हळूहळू पोरगी रडायची थांबली. मग त्या मुलीनं हात सोडले आणि पोरगी आपले आपण हलवू लागली.

आत्या दारात उभ्या राहून हे बघत होत्या. किती वेळ, मला सांगता येणार नाही, पण मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं. शेवटी आत्या म्हणाल्या, "मोळीवालीवानी हाय की ही. पुढचा तोडीत जातो, ही मागनं गोळा करती. मागचीनं न्हाई बांधलं तर पुढच्याचं समदं रानातच."

मॅडमनी ते मनात टिपून ठेवलं. नंतर तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकले, आणि नव्या मुली आल्या की वर्गातली मदतनीस म्हणजे काय, हे त्या ऊसतोडीचं उदाहरण देऊन सांगायच्या. कुणाचं उदाहरण ते मुलींना माहीत नसायचं. मला माहीत असायचं आणि माझी छाती फुगायची.

पण हे पुढचं. त्या दिवशी परतीच्या एसटीत माझं डोकं भणभणत होतं. नगरची डिग्री म्हणजे वसतिगृहात राहणं. जूनपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे अख्खा सीझन. नवरा अर्धा कोयता होणार. मी आत्यांना तसं म्हटलं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "अर्धा कशापायी? मी काय मेलीय व्हय?"

मला राग आला. माझा राग नाकावरच असतो. भर एसटीत मी त्यांच्यावर आवाज चढवला, की तुमचे गुडघे बघा, उठताना भिंत धरता, आणि उसात जायच्या गोष्टी करता. मला नको असली डिग्री. लोक वळून बघायला लागले. आत्यांनी पिशवीतनं भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि मूठभर माझ्या ओच्यात टाकल्या. गावापर्यंत आम्ही शेंगा खाल्ल्या.

दोन दिवसांनी मी औषधं आणायच्या निमित्तानं जामखेडला गेले आणि घरबसल्या डिग्रीचा अर्ज भरून आले. घरी येऊन सांगितलं, "आत्या, इचारून आले. तिथंबी आता लेकरांत बसवत्यात म्हनं."

आत्या तांदूळ निवडत होत्या. "कुठल्या शाळंत?"

मी घाईघाईनं म्हणाले, "ते ठरायचंय अजून."

"बरं," त्या म्हणाल्या आणि खडा वेचून बाजूला टाकला. माझ्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, खपलं. एवढी शिकलेली मी, आणि मला वाटलं, खपलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या न सांगता बाहेर पडल्या आणि दुपारी आल्या. हात धुवायला मी तांब्यातनं पाणी ओतलं, तर डाव्या अंगठ्याला निळी शाई. ती धुतली तरी जाईना.

"मुकादमाकडं गेल्ते," त्या म्हणाल्या. "आता कोयत्यात मी हाय. तुजं नाव काडलं. अंगठा दिलाय, आता बदलायचं न्हाई. तुला टोळीत जागाच न्हाई, मंग हितं बसून काय करतीस? जा की नगरला."

मी तांब्या तिथंच आपटला. रडले, भांडले, दिवसभर जेवले नाही. आत्यांनी मला समजावलं नाही की डोक्यावरून हात फिरवला नाही. संध्याकाळी ताट वाढून पुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "खोटं बोलायची सवय लेकरांत चालायची न्हाई हां." मग मी जेवले.

गावानं काय बोलायचं ते बोलून घेतलं. सून शाळंला अन् सासू उसाला, असा उलटा कारभार कुणी बघितला नव्हता. आत्यांनी आढ्याचा कोयता उतरवला, लोहाराकडून पाणी देऊन आणला, आणि दिवाळी झाल्यावर गाडीत जाऊन बसल्या. मी नगरला. आठवड्याला त्यांचा फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "बसवलं का?" मी सांगायची, काल एका पोराला पेन्सिल धरायला शिकवली, एक पोरगी चावते तिच्याशी कसं वागायचं ते कळलं. त्या सगळं ऐकून म्हणायच्या, "चाललंय मंग बरुबर." स्वतःचं विचारलं की, "मी काय, बांधतीया," एवढंच.

संक्रांतीच्या सुट्टीत मी तिळगूळ घेऊन थेट फडावर गेले. आत्या पाठमोऱ्या होत्या. एक गुडघा जमिनीवर टेकून मोळीला पीळ देत होत्या. पीळ पूर्वीसारखाच एका झटक्यात बसला. पण उठताना त्यांनी मोळीवर हात ठेवला, थांबल्या, परत रेटलं, तेव्हा कुठं उभ्या राहिल्या. नवरा धावत आला आणि मोळी त्यानं आपल्या डोक्यावर घेतली. सगळ्या मोळ्या तोच वाहत होता, हे मला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं.

मी म्हणाले, "मी परत जात न्हाई. बास झालं."

आत्यांनी विचारलं, "अजून किती सीझन ऱ्हायलं?"

"दोन."

"मंग गप जा."

मी गेले. या जाण्याचा मला अभिमान वाटतो की लाज वाटते, हे मला आजही नीट ठरवता येत नाही. दोन्ही वाटतं, हे खरं.

डिग्री झाली. जामखेडला एका शाळेत बालवाडीसाठी मदतनीस हवी होती, मुलाखतीला मी गेले. बाहेर बाकावर माझ्याहून शिकलेल्या पोरी बसल्या होत्या. एकीची तर दुसरी डिग्री चालू होती. आत गेल्यावर मुख्याध्यापिकांनी डिग्रीचा कागद उलटून बाजूला ठेवला आणि विचारलं, "लहान मुलांत कधी बसलीयस का?" मला तिथंच आत्यांना फोन लावावासा वाटला. आत्यांनी तीन खिडक्यांत विचारलेला, रांगेतल्या पोरांना हसू आणणारा तो प्रश्न, तोच, वेगळ्या शब्दांत, आता खुर्चीवर बसलेल्या शिकलेल्या बाई विचारत होत्या. मी म्हणाले, "तीन वर्षं, मॅडम. आठवड्याला दोन दिवस." मग मी चावणाऱ्या पोरीची गोष्ट सांगितली आणि त्यांनी चहा मागवला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, तशा दुसऱ्याच दिवशी आत्या जीपनं जामखेडला आल्या. हातात नवी पिशवी, पायात नवी चप्पल. आधी कळवलं नव्हतं. वर्गातल्या बाईंनी खुणेनंच आत बोलावलं. लेकरं सतरंजीवर बसली होती आणि मी एका मुलाच्या मागं, त्याला दप्तराची चेन लावू देत होते. लावून देत नव्हते, लावू देत होते. यातला फरक आत्यांना दारातूनच कळला, त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं मला ते.

त्या आत आल्या आणि सतरंजीवर बसायला वाकल्या. अर्ध्यात थांबल्या. गुडघे मिटेनात. भिंतीला हात टेकून त्या तशाच राहिल्या, ना खाली ना वर. मी धावले आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. एवढं आयुष्य जमिनीवर बसून काढलेली ती बाई, आणि लेकरांत बसायची वेळ आली तर तिला जमिनीवर बसता येत नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर बसले. पोरं डबे उघडत होती, गलका चालला होता. मी त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवला आणि तीन वर्षं मनात असलेलं बोलले. "आत्या, माझ्यापायी गेलं तुमचं गुडघं."

त्यांनी माझा हात बाजूला केला. एका पोराचा डबा उघडत नव्हता, तो त्यांच्यापुढं उभा होता. त्यांनी डबा हातात घेतला, झाकण थोडं सैल केलं आणि उरलेलं उघडायला त्याच्याकडं परत दिला.

"गुडघं ऱ्हानार हुतं व्हय?" त्या म्हणाल्या. "येवडं सीझन गेलं, ते कशापायी गेलं, मला इचारलंस तर सांगता यायचं न्हाई. ह्ये तीन कशापायी गेलं, ते मला ठावं हाय."